वरचा माणूस

दोर सुटला तो हातभरच. पण विहिरीत लोंबकळणाऱ्याला हातभर म्हणजे किती, ते लोंबकळणाऱ्यालाच विचारावं.

बाप गेल्यापासून दोघा भावांचं हेच काम. उन्हाळाभर आटलेल्या विहिरी उपसायच्या. धाकटा खाली उतरून गाळ काढायचा, थोरला वर दोर धरायचा. त्या दुपारी धाकटा वर येत होता आणि थोरल्याच्या मुठीतून दोर सर्रकन सरकला. खाली दगडावर काहीतरी आपटलं. मग काहीच नाही. विहीर मुक्या बाईसारखी, काय गिळलं ते सांगत नाही.

"अरे, आहेस का?" थोरला वाकून ओरडला.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "ओढ."

एवढंच. वर आल्यावर धाकट्यानं कोपराचं रक्त पुसलं आणि न बोलता चालू पडला. भांडला असता तर बरं झालं असतं.

भांडली ती थोरल्याची बायको. आमच्या आणि त्यांच्या घरात कुडाची एकच भिंत, तिला कान आणि आम्हालाही.

"दोर ओला होता गं," थोरला म्हणाला.

"दोर कोरडा होता. ओले तुम्ही होता! उद्या भाऊजींचं काही झालं तर जाऊबाईसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

"घोटभर घेतली तर लगेच..."

"घोटाघोटानं घर बुडालं. न्हाव्याला विचारा जा. दारू सोडलेल्यांची बैठक असते म्हणे कुठंतरी, तो जातो. ती शोधल्याशिवाय या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही."

वारा दिवसभर नुसती धूळ उडवत होता. कलत्या दिवसाचं आभाळ जखमेवरच्या फडक्यासारखं तांबूस झालेलं. थोरला न्हाव्याच्या खुर्चीत बसला, गालाला साबण लावून घेतला, वाऱ्याला शिव्या दिल्या. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा कुठं म्हणाला, "ते... तुमचं बसणं असतं म्हणे?"

वस्तरा थांबला. गळ्याच्या घाटीवरच.

"कुणासाठी विचारतोस?"

"आहे एक ओळखीचा."

"त्या ओळखीच्याचा गळा आत्ता माझ्या हातात आहे, हलू नकोस म्हणावं." न्हाव्यानं पातं फडक्याला पुसलं. "याच हातानं मी एकदा गिऱ्हाइकाचा कान कापलाय. आता बघ, थरथरतो का?"

थरथरत नव्हता. थोरल्याला त्याचीच भीती वाटली.

"तेलघाण्यामागं जुनं गोदाम आहे. आजच आहे, दिवस मावळताना. पाटीबिटी नाही. बाहेर चपला दिसल्या की तेच. तिथं नाव सांगायचं नाही, फक्त काम. आणि आत कोण दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. बायकोपाशीसुद्धा."

"बायकोनंच पाठवलंय."

"म्हणजे ओळखीचा लग्न झालेला आहे तर," न्हावी म्हणाला आणि उरलेला गाल खरवडला.

घाण्यामागं पेंडीचा खवट वास कोंडला होता. गोदामाचं दार अर्धं उघडं, आत दिव्याचा मिणमिणता उजेड. उंबऱ्याशी चपलांची ओळ. शेवटची जोडी काळ्या गाळानं माखलेली, अजून ओलसर. थोरला त्या चपलांकडे बघतच राहिला. अशा गाळाच्या जोड्या गावात दोनच. एक त्याच्या पायात होती.

आतून धाकट्याचा आवाज येत होता.

"मी खाली असतो. वर जो असतो, तो पितो. त्याला बोलता येत नाही मला. बाप गेल्यावर त्यानंच वाढवलंय, आधी मला वाढून मग स्वतः जेवलाय. पण शुद्धीवर असलो की माझे पाय विहिरीत उतरतच नाहीत. म्हणून आधी बाभळीमागं जातो आणि मीही घेतो. आता उतरायचं नसलं तरी लागते."

आत कुणी खोकलं.

बाप दोर वळताना गुणगुणायचा:

दोराला पीळ, पिळाला गाठ,
खालच्याच्या जिवाला वरच्याचा हात.

थोरल्याच्या तोंडाला कोरड पडली. या कोरडीवरचं औषध त्याला ठाऊक होतं, आणि त्याची वाटही. तो वळला. दोन पावलं गेला. पुन्हा त्या ओल्या चपलांकडे बघितलं. मग आपल्या चपला काढून त्यांच्याशेजारी ठेवल्या आणि आत शिरला.

धाकट्यानं मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बसा," न्हावी अनोळख्याशी बोलावं तसं म्हणाला. "काम सांगा."

भिंतीवरची सगळ्यांची सावली हलत होती.

"मी," थोरला म्हणाला, "वर असतो."

बैठक सुटल्यावर दोघं एकामागं एक चालले. मागून धाकटा बोलला.

"उद्या विहिरीचा मालक वाट बघेल, दादा."

"सांगू माणूस नाही म्हणून."

"खालचा आहे की."

"वरचा नाही."

घरची वाट दारूच्या गुत्त्यावरूनच जायची, दुसरी नव्हतीच. वारा आता पडला होता, आणि पडलेल्या वाऱ्यात तो आंबूस वास जागच्या जागी उभा होता. गुत्तेवाल्यानं कंदील उचलून बघितलं.

"या, या! दोघं भाऊ एकदम? धाकटे, आज पुढच्या दारानं?"

थोरल्याचा पाय तिकडं वळला. धाकट्यानं त्याचं मनगट पकडलं. कुणी थांबलं नाही. कंदिलाच्या उजेडातून दोघं पलीकडच्या अंधारात गेले.

गुत्तेवाला रागावला नाही. पेला पुसत सावकाश म्हणाला, "बरं. उद्या या."