वाकडा चष्मा

मशीनवरून हात लांबवून काजवालीनं ताईंचा चष्मा सरळ केला, तशा समोरच्या शर्टावरच्या रेघा एकमेकींत विरघळल्या.

“किती वाकडा घालता हो ताई! नाकाची नुसती घसरगुंडी केलीय.”

“राहू दे गं. या वयात कुठे नटायचंय?”

“नटू नका, पण चष्म्यानं तरी मान का टाकावी?”

मागच्या मशीनवरून कुणीतरी हसलं. काजवालीचं बोट ताईंच्या कानामागे क्षणभर टेकलं, सुटलेली बट त्यानं आत सारली, आणि तिचं मशीन पुन्हा खडखडू लागलं. ताई थोडा वेळ तशाच बसल्या. मग तिचं लक्ष नाही असं बघून त्यांनी डावी दांडी हळूच वर उचलली. रेघा जागेवर आल्या.

रोज सकाळी, काम सुरू होता होता, हे नेमानं चालायचं. शर्टांच्या या कारखान्यात ताईंचं काम तपासणीचं. खिशावरची रेघ शर्टाच्या रेघेला मिळते की नाही, एवढंच बघायचं. काजवाली शेजारच्या मशीनवर बटणांची काजं करायची. घरी दाराला कडी ताईच लावत आणि सकाळी ताईच काढत. मधल्या वेळात त्यांना कुणी ‘अगं’ म्हणत नसे.

दुपारी सुपरवायझरनं दोन शर्ट टेबलावर ठेवले. दोन्हींचे खिसे रेघ सोडून बसले होते.

“ताई, ही तिसरी वेळ. पुन्हा झालं तर मला तुम्हाला खाली खोकी भरायला पाठवावं लागेल. शनिवारच्या आत डोळे दाखवून या.”

खाली म्हणजे तळघर. तिथं भिंतीला लावलेलं एक टेबल होतं, आणि स्टूलही एकच.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी चष्मा यंत्रावर लावला, मग ताईंचे डोळे तपासले, मग पुन्हा चष्मा. डाव्या दांडीला गुंडाळलेला दोऱ्याचा वेढा त्यांनी नखानं चाचपला.

“हा चष्मा कुणाचा?”

“आमच्या यजमानांचा.” ताईंनी हात मांडीवर घेतले. “ते गेल्यावर हा घरात पडूनच होता, माझा फुटला तेव्हा घातला. तीन वर्षं झाली. दोरा गुंडाळून थोडा तिरका केला, की दिसतं.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक चेंडू काढला, शेजारी एक अंडं.

“डोळ्याचा पुढचा पडदा असा गोल हवा. तुमचा असा आहे, एका अंगानं जास्त वाकलेला. म्हणून रेघेला सावली फुटते. त्याला सिलिंडरचा नंबर लागतो, आणि ती काच ठरलेल्या कोनातच बसावी लागते. यजमानांचा नंबर जवळपास तुमच्याइतकाच, पण कोन त्यांचा. तुम्ही फिरवून फिरवून आपला शोधलात, तोही जेमतेम.”

“थेंब घालून नाही जायचं?”

“थेंबांनी नाही जात. डोळ्यात घालायची लेन्स असते, लेझरचं ऑपरेशन असतं. तुमच्या कामाला मात्र चष्माच बरा. तुमचा स्वतःचा.”

“फ्रेम हीच राहू दे?”

“राहू दे की. काचा बदलू. तो दोरा तेवढा काढा.”

चष्मेवाल्यानं जुन्या काचा कागदात गुंडाळून दिल्या. ताईंनी त्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या आणि वरून चेन लावली.

शनिवारी रेघा आखून ठेवल्यासारख्या दिसल्या. दोराभर सरकलेला खिसाही लपेना. सुपरवायझरनं वीस शर्ट उलटेपालटे करून पाहिले आणि पुढच्या मशीनकडे वळला. त्याचं कौतुक इतकंच असे.

काजवालीनं मान वळवली.

“अगंबाई, सरळ! फळला म्हणायचा माझा नवस!”

ती हसली. तिचे हात मशीनवरच राहिले.

सोमवारी तिनं मान वळवलीही नाही. मंगळवारी “बरं आहे ना ताई?” एवढं विचारलं, तेही दोरा दातानं तोडता तोडता. बुधवारी ताई तिची बोटं बघत राहिल्या. इतकी स्पष्ट ती कधी दिसली नव्हती. सुई टोचल्याच्या बारीक खुणा, अंगठ्याच्या नखात अडकलेलं मशीनचं तेल.

गुरुवारी ताई सगळ्यांच्या आधी आल्या. पहिला शर्ट पुढ्यात पसरला. रेघा ओळीनं उभ्या होत्या. काजवाली आली, तिनं पिशवी खुंटीला अडकवली, मशीनवरचा कपडा काढला, सुईत दोरा ओवला.

ताईंनी डावी दांडी वर उचलली. रेघांना सावली फुटली. शर्टाला हात न लावता त्या बसून राहिल्या.

शेजारचं मशीन खडखडू लागलं. मग थांबलं.