एक्केचाळिसावा खुलासा

तिनं तीच ओळ चौथ्यांदा खोडली आणि कागद असा काही ढकलला, की समोरच्या टेबलावरच्या चित्रकारानं ब्रश थांबवून वर पाहिलं.

"बाईसाहेब, कागदानं काय घोडं मारलंय?"

"एक्केचाळिसावा," ती म्हणाली.

"परवाही एक्केचाळिसावाच होता."

"नऊ दिवस झाले."

पत्त्यांचे खेळ काढणाऱ्या त्या छोट्या कंपनीत नियमांचा गुंता सोडवणं हे तिचं काम. लोक घरी खेळायला बसत, दोन पत्ते एकमेकांना आडवे जात, भांडणं होत आणि मग तिला पत्र येई. 'राखणदार' हा त्यांचा सगळ्यांत जास्त भांडणं लावणारा खेळ. तोही चौघांनी मिळून, एका बाजूनं खेळायचा. एका गढीत चार साथीदार, बाहेर धुकं, धुक्यात राक्षस. जिंकले तर चौघं, हरले तरी चौघं. दुसऱ्या आवृत्तीबरोबर खुलाशांची पुस्तिका द्यायची होती. चाळीस खुलासे तयार होते. पाच वाजता छापखान्याचा माणूस कागद न्यायला येणार होता आणि घड्याळात तीन वाजून गेले होते.

प्रश्न तसा लहान होता. 'उशाशी' या पत्त्यावर लिहिलं होतं: वैद्यीण ज्या दालनात बसून आहे, त्या दालनातला जखमी साथीदार मरत नाही. 'तिन्हीसांज' या पत्त्यावर लिहिलं होतं: तिन्हीसांजेला सर्वांनी आपापल्या दालनात परतावं, आणि जखमा भरल्या नसतील तर जखमीनं प्राण सोडावा. आता तिन्हीसांज झाली. वैद्यीण आधी उठली, तर तो गेला. जखमांचं आधी पाहिलं, तर ती अजून उशाशीच आहे. तो उद्यापर्यंत तगला.

आधी काय?

एरवी असं काही तिनं चहा निवायच्या आत निकालात काढलं असतं. आता 'आधी जखमा' लिहिलं की वाटे, मग कुणी कधी मरायचंच नाही, खेळात राम उरणार नाही. 'आधी परतणं' लिहिलं की हात जड होई.

"मला विचाराल, तर ती उठणार नाही," चित्रकार ब्रश पाण्यात खळबळवत म्हणाला. "तो पत्ता मी काढलाय. बसलीये बघा कशी. असली बाई तिन्हीसांज झाली म्हणून चालू पडते होय?"

पेन्सिलीला टोक होतं, तरी ती ते पुन्हा करत बसली.

ती स्वतः मात्र उठली होती. सोळा दिवस बाबांच्या पलंगाशी बसून सतराव्या दिवशी उठली होती. बाबाच म्हणाले, "जा, काहीतरी खाऊन ये. तोंड बघ केवढंसं झालंय." ती गेली. पाऊण तासानं परतली, तेव्हा नर्स पडदा ओढून घेत होती. संध्याकाळी दादा गावाहून पोचला आणि बूटही न काढता त्यानं विचारलं, "तू होतीस ना जवळ?" ती म्हणाली, "हो."

एवढंच. पण गेल्या तीन महिन्यांत त्या एका 'हो'ला हातपाय फुटले होते. दर रविवारी दादाचा फोन येई आणि तो हळूच आणखी थोडं विचारून घेई. हात धरला होतास? हो. काही बोलले? तुझं नाव घेतलं. दादा पलीकडे नाक ओढी आणि म्हणे, "तू होतीस म्हणून बरं, ठमे. एवढ्यावर मला झोप लागते." तिला लागत नसे. बाबा गेले कधी, ती जिन्यात असताना की पहिला घास घेताना, हे ती अजूनही मिनिटं लावून पाहत असे. जणू क्रम सापडला की निकालही सापडणार होता.

साडेतीनला तिनं प्रश्न पाठवणाऱ्याचा नंबर फिरवला. पत्राखाली त्यानं तो दोनदा अधोरेखित करून दिला होता. गृहस्थ चष्म्याच्या दुकानाचा मालक निघाला. दुकान बंद असतं त्या दिवशी तो, बायको, मेहुणा आणि शेजारचे मास्तर असे चौघं डाव मांडत.

"मॅडम! तुम्ही स्वतः? अहो, आमच्याकडे तीन आठवडे डाव अडलाय. टेबलावरचा पत्ता हलवला नाही. आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतोय."

"नेमकं काय झालं, ते पुन्हा सांगाल?"

"सांगतो ना. वैद्यीण मी. मी उशाशी बसलोय. तिन्हीसांज निघाली. मी म्हणतो, आधी जखमा बघा. मेहुणा म्हणतो, आधी ऊठ. मास्तर म्हणतात, पत्ता आधी कुठला छापला ते बघा. मेहुण्याचं काय हो, त्याला लग्नापासून माझं म्हणणं खोडायचंच असतं."

"आणि जखमी कोण आहे?"

"जखमी? जखमी ही."

मागून एक खणखणीत आवाज आला. "द्या इकडे तो फोन. अहो, द्या!" खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "हॅलो, बाई? मी जखमी बोलतेय."

चित्रकाराच्या कानापर्यंत ते पोचलं असावं. तो मान खाली घालून हसला.

"बोला," ती म्हणाली.

"तीन आठवडे ही तीन डोकी भांडतायत. मरतेय मी. एकानं तरी विचारलं का, बाई, तुझं काय म्हणणं? मी मेले तर माझे पत्ते ह्यांना वाटून मिळतात. चांगले दोन पत्ते आहेत हो माझ्याकडे, गढी वाचेल त्यांनी. मी नुसती पडून राहिले तर हे तिथेच बसणार, आणि बाहेर राक्षस दार फोडणार. मला जायचंय. पण हा माणूस उठेल तर शपथ!"

"अगं, तुला वाचवायलाच बसलोय ना!" मागून चष्मेवाला ओरडला.

"वाचवा, वाचवा. मला विचारून वाचवा!"

मग दोघांचा एकदम गलका झाला आणि त्यात मेहुण्याचंही काहीतरी निघालं. ती फोन कानाला धरून तशीच बसून राहिली. पलीकडून बाई दोनदा "हॅलो?" म्हणाल्या, तेव्हा कुठे तिनं आभार मानले आणि फोन ठेवला.

तिनं नवा कागद घेतला. या वेळी खोडावं लागलं नाही.

'खुलासा एक्केचाळीस. "उशाशी" आणि "तिन्हीसांज" एकाच वेळी लागू झाल्यास कोणती गोष्ट आधी, हे जखमी साथीदार ठरवेल. इतरांनी मत द्यावं. आग्रह धरू नये. त्यानं वैद्यिणीला आधी उठायला सांगितल्यास तिनं उठावं.'

चित्रकारानं येऊन तिच्या खांद्यावरून वाचलं.

"ही एवढीशी गोष्ट नऊ दिवस सुचली नाही?"

"नाही."

"मरणाऱ्याला विचारायचं." त्यानं मान हलवली. "खेळणाऱ्यांना पटेल?"

"एकीला पटलेलं आहे."

कागद चाळिसांच्या खाली लावून तिनं गठ्ठ्याला दोरा बांधला. पाचला दहा मिनिटं असताना छापखान्याचा माणूस येऊन तो घेऊन गेला. चित्रकारानं ब्रश धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि दारातून एकदा वळून बघत निघून गेला.

ती खिडकीपाशी उभी राहिली. खाली रस्त्यात कुणीतरी सायकल उलटी करून चेन बसवत होतं. तिनं दादाला फोन लावला.

"ठमे? आज बुधवार. काय झालं?"

"काही नाही. तू कामात आहेस?"

"बोल ना."

"दादा, त्या दिवशी मी खोलीत नव्हते."

पलीकडे कुठेतरी दार लागल्याचा आवाज आला. तो उठून बाहेर गेला असावा.

"मी तुला खोटं सांगितलं. हात धरलेला नव्हता. तुझं नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. ते म्हणाले, खाऊन ये, आणि मी गेले. आले तेव्हा संपलं होतं."

ती ऐकत राहिली. तो ओरडेल, रडेल, फोन ठेवेल, या तिन्हींची तिची तयारी होती.

"खाऊन ये म्हणाले?" त्यानं शेवटी विचारलं.

"हो."

"मग काय खाल्लंस?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही. तिला उपाहारगृहातलं ते कोपऱ्यातलं टेबल आठवलं, वाफाळतं ताट आठवलं, आणि आपल्याला किती भूक लागली होती तेही.

"भात," ती म्हणाली. "वरून परत मागून घेतला."

"पोटभर?"

तिनं कपाळ काचेला टेकवलं.

"हो. पोटभर."

"बरं केलंस," दादा म्हणाला. त्यानं नाक ओढलं. "बरं केलंस, ठमे."