धुरपताबाईच्या गालावरची टोपली

मी टोपली बोलतेय. भाकरीची नव्हे. बंजारा बाईच्या लग्नात तिच्या कानशिलाजवळच्या केसांत गुंफतात आणि मग गालावर लोंबते, ती चांदीची. आम्ही जोडीनं असतो. डावीकडं माझी बहीण, उजवीकडं मी. नवरा जिवंत आहे तोवर आम्हाला उतरवायचं नसतं. एवढा मान ना पैंजणांना, ना पाटल्यांना. त्यामुळं मी थोडी शिष्ट आहे, हे कबूल करते.

मला आखाडा बाळापूरच्या सोनारानं घडवलं. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर वसरामशी धुरपताबाईचं लग्न लागलं आणि मी तिच्या गालावर आले. ती कापूस वेचायची तेव्हा मी डुलायचे, बाजारात घासाघीस करायची तेव्हाही डुलायचे. कुणाच्याही लग्नात गाण्याची पहिली ओळ तिनंच धरायची, असा तांड्याचा रिवाजच होऊन गेला होता.

१९९६ साली माझ्याखाली बारीकसा फोड आला. खपली धरायची, पुन्हा फुटायची. वर्षभर सगळ्यांनी माझ्याकडंच बोट दाखवलं. म्हणे टोपली घासून जखम झाली. मला फार राग आला. शेवटी सून दिपा तिला नांदेडला घेऊन गेली. फोडाचा तुकडा काढून तपासला आणि कळलं, कातडीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, दागिन्याचा यात काही दोष नाही. मी सुटले, पण आनंद करावा अशी ती वेळ नव्हती.

ऑपरेशनच्या वेळीही तिनं मला काढू दिलं नाही. नर्सनं वैतागून मला केसांसकट वर ओढलं आणि पट्टीनं बांधून टाकलं. गाठ मुळासकट निघाली आणि पुन्हा आली नाही. मागं राहिला तो व्रण, रुपयाएवढा, खडबडीत आणि काळपट. धुरपताबाईनं बाजार सोडला. लग्नात ती मागं, उजवी बाजू भिंतीकडं करून बसू लागली. गाणं दुसरीच कुणी धरायची. व्रणावर ती मला ओढून घ्यायची आणि मला वाटायचं, मी तिची लाज राखतेय.

२००१ साली दिपानंच कातडीच्या डॉक्टर आकांक्षा यांचा पत्ता काढला. त्या औषधी आम्ल लावून वरची कातडी हळूहळू सोलून काढायच्या. म्हणजे खालून नवी येते. आम्ल म्हटल्यावर सगळे हबकले. डॉक्टरबाईंनी आधी कानामागं थेंबभर लावून दाखवलं. व्रण पुसला जाणार नाही, फिका आणि सपाट होईल, हेही स्पष्ट सांगितलं. मात्र ऊन टाळायचं, खपली ओढायची नाही, गालाला काही घासू द्यायचं नाही.

धुरपताबाईनं सगळं इमानानं पाळलं. फक्त घासणाऱ्या वस्तूंत मला कुणी धरलंच नाही. औषध लावताना मला ओढणीत वर खोचलं होतं. घरी येताच मी पुन्हा खाली. नाक-कान जसे अंगाचे, तशीच मी, काढायची वस्तू थोडीच? त्या कोवळ्या कातडीवर मी आठ दिवस घासत राहिले. तिथं पहिल्यापेक्षा काळा डाग उठला. या वेळी चूक माझी होती.

डाग निवळायला काही महिने गेले. मग डॉक्टरबाईंनी बजावलं, की उजवी टोपली तीन महिने उतरवणार असाल तरच पुन्हा औषध लावीन. धुरपताबाई उठून उभी राहिली.

"ही मानूस गेल्यावर उतरते, डॉक्टरबाई. राहू द्या माजं तोंड असंच."

वसराम कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. तो उठला आणि माझी गाठ सोडवू लागला. "मी जिता हाय तवरच काढून राहिलो," तो म्हणाला. "मेल्यावर तुजं तोंड मला कुठं दिसनार हाय?"

त्यानं मला पटक्यात खोचलं. त्याच दिवशी औषध लागलं.

परतताना वारंगा फाट्यावर एसटी थांबली. गालाला ओढणीही लागू द्यायची नव्हती, म्हणून धुरपताबाई उघड्या तोंडानं आधी उतरली. तांड्यावरची पारुबाई तिथंच उभी होती. तिनं रिकामं कानशील पाहिलं आणि फाट्यावरच बसकण मारून वसरामच्या नावानं गळा काढला. टपरीवरचे लोक धावले. वसराम एसटीच्या दारात तिला उन्हापासून जपायला छत्री उघडायची खटपट करत होता. खाली उतरून त्यानं काळजीनं विचारलं, की कोण गेलं?

पारुबाई अर्ध्या हुंदक्यावर थांबली. आणि धुरपताबाई हसायला लागली, भर रस्त्यात, पाच वर्षांत पहिल्यांदा तोंडभरून. जमलेले सगळे तिच्या कानशिलाकडं बघत होते. गालाकडं कुणाचं लक्षच नव्हतं, आणि ते तिलाही कळलं.

पुढं आणखी तीनदा औषध लागलं. व्रणाचा फिका, सपाट डाग उरला. पुढच्या उन्हाळ्यात तांड्यावरच्या लग्नात पहिली ओळ पुन्हा तिनं धरली.

आता मी पत्र्याच्या पेटीत असते. काळी पडलेय, पण तक्रार नाही. एकच सांगते. तुमच्या घरात कुणाच्या गालावर, गळ्यावर माझ्यासारखी एखादी मानाची वस्तू असेल आणि तिच्याखालची जखम महिनाभरात भरली नाही, तर त्या वस्तूला खुशाल बाजूला सारा आणि डॉक्टरला दाखवा. तिला राग आला तर येऊ द्या.

औषध संपल्यावर मला परत बांधायला डॉक्टरबाईंनी हरकत घेतली नव्हती. वसरामनं पटक्यातून काढून मला पुढं केलं होतं. धुरपताबाईनं मला हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मग स्वतःच्या हातानं माझ्या बहिणीलाही सोडवलं.

"राहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी हायत न्हवं."