दोन डोळ्यांच्या माद्या

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या संशोधन केंद्रात माझ्याशी वाद घालायची हिंमत फक्त मामांची. ते कोणाचेच मामा नाहीत. वीस वर्षं कोळंबीच्या माद्यांचे डोळे कापतात आणि सगळ्यांचे मामा म्हणवून घेतात.

कापण्याला कारण आहे. बंदिस्त टाकीत मादी सहसा अंडी धरत नाही. अंडी रोखून धरणारा रस तिच्या डोळ्याच्या देठात तयार होतो. एका बाजूचा डोळा देठासकट कापला की थोड्याच दिवसांत अंडी भरतात. माझं म्हणणं, तिला खायला नीट घाला, ती दोन्ही डोळे ठेवून अंडी देईल. म्हाकूळ, शिंपले, समुद्री अळ्या आणि थोडं माशाचं तेल, असं खाद्य मी दोन वर्षं खपून बसवलं होतं.

संचालकांनी एक टाकी, आठ माद्या आणि महिन्याची मुदत दिली. "जमलं तर कापणं बंद. नाही जमलं तर हा विषय पुन्हा माझ्या टेबलावर नको."

मी मामांना बजावलं, "माझ्या माद्यांच्या डोळ्यांजवळ फिरकायचं नाही." ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या एका डोळ्याच्या देठात नंबराचं रबरी कडं घालतात. तेसुद्धा मीच घातलं. मामा दारात हाताची घडी घालून बघत होते. "हौस दांडगी आहे," एवढंच म्हणाले.

पंचविसाव्या दिवसापर्यंत आठांपैकी सहा माद्यांनी अंडी दिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी केंद्रभर नाक वर करून फिरले. कापणं बंद झाल्याचं सांगायला संचालकांनी दुसऱ्या दिवसासाठी कोळंबी पाळणाऱ्यांची सभा ठरवली.

त्या दुपारी मामा टाकीपाशी आले. आमच्याकडे दुपारी बाराला टाक्यांवर अंधार करतात. माद्यांना रात्र झाल्यासारखं वाटतं आणि अंडी आमच्या कामाच्या वेळेत पडतात. मामांनी पाण्यावर बॅटरी धरली.

"मॅडम, ही चार नंबर बघा. कडं फार घट्ट बसलंय."

"काम जाणार म्हणून पोटात दुखतंय का, मामा?"

मामांनी मादी जाळीत अलगद उचलली आणि भिंगाखाली धरली. कड्यानं देठ करकचून आवळला होता, डोळा निस्तेज पडला होता. असा बांधलेला देठ कापल्यातच जमा. काहीजण तर कापण्याऐवजी मुद्दाम दोऱ्यानं बांधतात.

मग मला आठवलं. मोठ्या मापाची कडी दोनच उरली होती. नवं पाकीट यायला आठवडा लागणार, म्हणून बाकी सहा जणींना मी लहान माप ताणून बसवलं होतं. आणि अंडी न दिलेल्या दोघी नेमक्या मोठ्या कड्यांच्या होत्या.

मी स्टुलावर बसले. लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"मी नाही कुणाला सांगणार," मामा हळू आवाजात म्हणाले.

"मला कळलंय ना! आणि मघाशी बोलले ते चुकलंच माझं."

"काम जाईल हे खरंच आहे. पण प्रत्येक मादी हातात धडपडते, मॅडम. मला काय आवडतं का ते?"

मी तशीच वर गेले आणि संचालकांना म्हटलं, "सभा रद्द करा. सहा जणींचे डोळे मीच बांधले, नकळत."

त्यांनी चष्मा काढला. "आणि उरलेल्या दोघी? त्यांनीही तुमचंच खाद्य खाल्लं."

"दोघींच्या पाठीत अंड्यांचा हिरवट पट्टा दिसायला लागलाय. वेळ जास्त लागतोय, एवढंच. माझे पाच दिवस बाकी आहेत. त्या दोघींवरच निकाल लागू दे."

"फार खात्री आहे तुम्हाला."

"खाद्याची आहे. कड्यांची राहिली नाही."

खाली मामांनी आपली कात्री काढली. वीस वर्षं डोळे कापलेल्या त्या कात्रीनं त्यांनी दोघींची कडी कापली आणि त्यांना वेगवेगळ्या टाक्यांत सोडलं. मग रोज चार वेळा खाद्य मी घालत होते आणि उरलेलं किती ते मामा बघत होते. पट्टा रोज रुंद होत गेला. अठ्ठाविसावा दिवस गेला, एकोणतिसावा गेला. मामांनी मला दोनदा विचारलं, जेवलात का. मी दोन्ही वेळा खोटं बोलले.

तिसाव्या दिवशी बाराला अंधार केला. तासाभरानं पहिली मादी तळ सोडून वर आली आणि संथपणे पोहत राहिली. तिच्यामागे पाणी गढूळ होत गेलं. अंडी! मी मामांचा हात इतका घट्ट धरला की ते ओरडलेच. पाऊण तासानं दुसऱ्या टाकीतही तेच.

मामांनी बॅटरी लावली. पाण्यात मादीचे दोन डोळे तांबूस चमकले, दोन्ही शाबूत.  मग भिंतीवरचा फोन उचलून त्यांनी वर लावला.

"साहेब, खाली या. दोघींनीही अंडी दिली. मी काही कापलेलं नाही, आणि मॅडमनी काही बांधलेलं नाही."