आत्यासकट कपाट

मी येणार म्हणून लोक घर झाडतात, पडदे धुतात, ते मी समजू शकते. पण मी येणार म्हणून जुनं कपाट घासून पुसून त्याला पॉलिश मारायचं? डॉक्टर येणार म्हणून पेशंटला पावडर लावून बसवतं का कुणी? मी जुन्या फर्निचरची किंमत ठरवते. डाग, ओरखडे, हात लागून लागून आलेला काळपटपणा, हीच त्या लाकडाची कमाई. आणि इथे दारात पाऊल टाकलं तर कपाट आरशासारखं चमकतंय, पॉलिशच्या वासाने डोकं भणभणतंय, आणि घरची बाई कौतुकाने बघतेय.

"मुद्दाम करून घेतलं, तुम्ही येणार म्हणून," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण आलेच आहे तर बघू, म्हणून टॉर्च काढला.

कपाट छताला टेकलेलं. वर टोकदार कमानी, कडेने कोरलेल्या वेली, दोन भारदस्त दारं आणि खाली एक रुंद खण. "तीनशे वर्षांपूर्वीचं आहे," तिच्या नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं. "पणजोबा सांगायचे. हे विकून आम्हाला नवीन डायनिंग टेबल घ्यायचंय."

पणजोबा काय, काहीही सांगतात. मी खण ओढून उलटा केला. कोपऱ्यातले सांधे सगळे एका मापाचे. हाताने कापलेले सांधे कधी असे शिस्तीत नसतात, एखादा तरी जाडा-बारीक निघतोच. मग आडवी पडून मागची फळी पाहिली. तिच्यावर गोल करवतीच्या कमानदार खुणा. म्हणजे यंत्र आलं.

"रिव्हायवल आहे," मी कपडे झटकत म्हटलं.

"म्हणजे नकली?" दोघांच्या तोंडचं पाणी पळालं.

"नकली कशाला? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना त्याहून जुन्या घाटाचं भारी प्रेम आलं, आणि कारखान्यांनी तसली कपाटं काढली. वय उसनं घेतलेलं, पण आता त्याचं स्वतःचंही वय झालंय. यालाही गिऱ्हाईक आहे. बाहेरची तुम्ही वाट लावलीत, पण आतली बाजू मूळची असेल तर काहीतरी येईल." मी दाराच्या मुठीला हात घातला.

"ते नका उघडू!" नवरा ओरडला. "आत आत्या आहे."

मला वाटलं, आत्याचा फोटो असेल, फार तर अस्थी असतील.

"कोण आहे?" आतून खणखणीत आवाज आला. "पॉलिशवाला असेल तर त्याला म्हणावं, नाक चोंदलंय माझं!"

बायको शांतपणे म्हणाली, "त्या आतच असतात. कैक वर्षं झाली. आम्ही झोपलो की तेवढ्या फिरतात. स्वभावाने चांगल्या आहेत हो. आत्यासकट किती येतील?"

मी बरंच काही पाहिलंय. देव्हाऱ्याचा बार केलेला पाहिलाय. पण हे म्हणजे अतीच झालं. "भरलेल्या कपाटाची किंमत मी करत नाही," मी ठणकावून सांगितलं. "आधी रिकामं करा." दोघं एकमेकांकडे बघत, चहा टाकतो म्हणत स्वयंपाकघरात सटकले.

मी दारावर टकटक केली. दार बोटभर उघडलं, एक डोळा दिसला.

"आत्या, काय हे?"

"रुसलेय मी," त्या म्हणाल्या. "आता आहे ते टेबल आणलं ना, त्याच्याबरोबर तीन खुर्च्या आणल्या. माणसं चार. हे दोघं, यांचा मुलगा आणि मी. मी म्हटलं, ठीक आहे, आणि इथे येऊन बसले. म्हटलं, संध्याकाळपर्यंत येतील समजूत काढायला." त्यांनी चोंदलेलं नाक ओढलं. "ताट आत आलं. सकाळी चहा आत आला. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, त्यानेही इथूनच नमस्कार केला. बाहेर ये असं कुणी म्हणेचना. स्वतःहून निघाले असते तर लाज गेली असती."

"मी सांगते त्यांना."

"खबरदार! सांगून काढलेली समजूत काय चाटायचीय?"

मी टॉर्च उगाचच दोनदा चालू-बंद केला. कामावर असताना असलं काही मला मुळीच चालत नाही.

त्यांचा भाचा, म्हणजे तो नवरा, चहाचा ट्रे घेऊन आला, मागोमाग बायको. मी त्याच्याकडे रोखून पाहत म्हटलं, "कपाट रिकामं पाहिजे." तो कपाटापुढे वाकला.

"आत्या, जरा बाहेर ये ना."

आत काहीतरी सरकलं. मग बारीक आवाज आला, "कशासाठी रे? माझ्यासाठी की कपाटासाठी?"

खोटं बोलायला काय जातं माणसाचं? पण हा गृहस्थ पडला सरळमार्गी. "कपाटासाठी," तो म्हणाला.

धाडकन दारं उघडली. "घ्या बघून! बघा काय बघायचं ते!"

मी बघितलं. आत गादी, उशी, तारेवर लोंबणारा दिवा, आणि तळापासून वरपर्यंत फळ्यांना निळा ऑइलपेंट. चकचकीत, आकाशी.

"अंधार वाटायचा," आत्या जरा ओशाळून म्हणाल्या. "यांचा दरवाजाचा रंग उरला होता, तो घेतला."

संपलं. बाहेर पॉलिश, आत ऑइलपेंट. "याची किंमत शून्य," मी जाहीर केलं. "आत्यासकट किंवा आत्याशिवाय. वाहून न्यायचे पैसे उलट तुम्हालाच पडतील."

भाचा कपाटासमोरच्या टेबलाशी मटकन खुर्चीत बसला. बायको दुसऱ्या खुर्चीत, मी तिसऱ्या. भाच्याने सवयीने चहाचा एक कप उचलला, कपाटाकडे नेण्यासाठी अर्धवट उठला आणि थबकला. बहुतेक कंटाळा आला असावा त्याला. आता जपायचं तरी काय होतं तिथे?

"आत्या," तो थकून म्हणाला, "चहा घ्यायला इकडेच ये की."

दिवा बंद झाल्याचा आवाज आला. आत्या बाहेर आल्या. बुटक्याशा, पाठीत जरा बाक, केस नीट विंचरलेले. रोज विंचरत असणार, कुणी बोलावलं तर तयार असावं म्हणून. टेबलापाशी येऊन त्यांनी एकेक खुर्ची पाहिली. एक, दोन, तीन.

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. मी उठायला लागले, तर भाच्याने मला हातानेच बसवलं. त्याने स्वतःची खुर्ची आत्यांच्या मागे सरकवली, स्वतः अवघडून इकडेतिकडे पाहिलं, आणि दुसरी जागाच नव्हती म्हणून गेला आणि कपाटात बसला.

आत्यांनी चहात साखर ढवळली. "दार ओढून घे रे, तिथे वारा लागतो." त्याने दार ओढलं.

बायको माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, "रंगाचं मला माहीत असतं तर..." आणि लगेच आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. वेगळाच, घोगरा.

"आत्या, इथे सगळं ऐकू येतं?"

"शब्द न् शब्द."

बायकोने मान खाली घातली. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या टेबलावर तो काय काय बोलला असेल, ते त्याला आता एकेक आठवत असणार. आमचा चहा संपला तरी दार उघडेना.

शेवटी आत्या उठल्या आणि त्यांनी दारावर बोटाने टकटक केली.

"अरे, बाहेर ये बघू. चहा निवतोय तुझा."