पेरू खाणारं ड्रोन

निमगाव केतकीच्या सावळारामतात्यांवर गावाचा एवढा भरवसा, की त्यांनी "ऊन पडलंय" म्हटलं तर माणसं छत्री घेऊन निघत. उजनीच्या पाण्यात म्हशीवर बसून त्यांनी लाँचला मागं टाकलं होतं. रोहित पक्षी तर दरसाल उतरण्याआधी त्यांनाच वाट विचारत. अशा माणसाच्या हाती जन्मात पहिल्यांदा एक खरी बातमी लागली, आणि ती घेऊन ते एसटीनं बारामतीला पोलीस कचेरीत आले.

तिथं प्राची घोगरे फौजदार होत्या. गावोगावच्या खबरा चाळायच्या, एकीला दुसरी लावून बघायची आणि त्यात खरं किती ते साहेबांना सांगायचं, हे त्यांचं काम. सध्या विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या.

"म्याडम, चोर मी बघितल्यात. आज भर दुपारी, माझ्याच विहिरीवर. टेम्पोतनं आलते."

"टेम्पोतनं? तात्या, साहेब आज सगळ्या गाड्या पिंपळीकडं धाडतायत, आभाळ बघायला. पाच गावांतले पाच खबरे सांगतायत, चोर ड्रोननं विहिरी हेरतात."

ते ड्रोन तात्यांनीच गावच्या सलूनमध्ये दाढी करून घेता घेता उडवलं होतं.

"आन् त्ये ड्रोन करतं काय म्हनं?"

"जाता जाता झाडावर बसून पेरू खातं. पाचही जण हेच सांगतात." प्राचीताईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "पाच गावांतल्या ड्रोनना पेरूच कसा आवडेल? कोणी कुणाकडून ऐकलं ते विचारत मागं गेले, तर पाची वाटा तुमच्या गावच्या सलूनमध्ये, तुमच्याच खुर्चीपाशी निघाल्या. तोंडं पाच, उगम एक."

तात्या चपलेचा अंगठा न्याहाळू लागले.

"ड्रोन खोटं, हे मी साहेबांना सांगेन. पण म्हणून टेम्पो खरा कसा? तोही तुमचाच."

"आवो, उद्या आमच्या गावचा बाजार हाय! गर्दीतनं केबलीतलं तांबं सोलापूरला गेलं, की मोटार बंद, आन् माझी पेरूची बाग वाळली म्हनून समजा!"

"मग पहिल्यापासून सांगा."

"दोघं आले. मी उचलली काठी आन्..." तात्या अडखळले. जीभ सवयीनं पुढं पळाली होती. तिला त्यांनी कशीबशी माघारी आणली. "न्हाय. काठी न्हाय उचलली. ते म्हनले, लाइटीच्या हापिसातनं आलोय, केबल तपासायचीय, तात्या, जरा टोक धरा. मी धरलं."

"तुम्ही?"

"गुंडाळून बी दिली. ऊन लई व्हतं, म्हनून बायकूला, सरुबाईला च्या टाकाय लावला. बशीत वतून पिले. निघताना माझ्या पाया पडले. मी पिशवीभर पेरू दिले. टेम्पो आधी रसवंतीचा आसनार, मागं घुंगरू तसंच बांधल्यालं. छुमछुम करत गेला. उद्या बाजारातनंच माल सोलापूरला हलवू, असं बोलत व्हते. मला वाटलं, भाजीचं म्हनत्यात."

प्राचीताईंनी पेन खाली ठेवलं.

"तात्या, म्हशीच्या शर्यतीत कोण जिंकलं?"

"मी."

"सलूनमधल्या गोष्टीत ड्रोन दगड मारून कोणी पळवलं?"

"मीच की."

"आणि ह्या गोष्टीत?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हितं माझं गाढव झालं."

"म्हणूनच खरी आहे ही. स्वतः हरलात अशी थाप तुम्ही जन्मात मारणार नाही." त्या हसत उठल्या. "आम्ही सांगणाऱ्याला वेगळे गुण देतो, सांगण्याला वेगळे. तुम्हाला भोपळा. बातमीला पैकीच्या पैकी."

साहेबांनी कुरकुरत का होईना, दोन माणसं साध्या कपड्यांत बाजारात धाडली. ती वांग्यांचा भाव करत कान टवकारून उभी राहिली. छुमछुम आली. मेथीच्या जुड्यांखाली केबलीची भेंडोळी निघाली, आणि पुढच्या सीटवर तात्यांचे उरलेले दोन पेरू.

केबल परत आली, मोटार सुरू झाली, बागेत पाणी खेळलं. सलूनमध्ये तात्यांच्या गालाला फेस लागला, तशी जीभही सुटली. "टोक मुद्दामच धरलं व्हतं. वरनं हुकूम व्हता!"

थोड्याच दिवसांत पाच गावांतले पाच खबरे प्राचीताईंच्या टेबलापुढं आले. निमगावात दिल्लीचा एक बडा गुप्तहेर पेरूवाल्याच्या वेषात राहतोय, म्हणे.

प्राचीताईंनी ह्या बातमीला भोपळा दिला, आणि तात्यांनी धाडलेल्या टोपलीतला एक पेरू उचलून कचकन चावला.