खालचं वर दिसायला नको

इंटरनेटवाला भूपेश स्टुलावर चढून जिन्यातल्या वायरींच्या पेटीत वाकला होता. जयदेव खालून मोबाइलची बॅटरी धरून हुकूम सोडत होता.

"खालच्या घरातलं काही वर दिसता कामा नये. काही म्हणजे काही!"

खालचं घर त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाचं. तिथे वहिनी बनूबाई आणि पुतण्या हितेश. हेंद्रेपाड्यातल्या भातजमिनीवर ही इमारत उठली आणि जयदेवच्या नाकाला वरच्या मजल्याची हवा लागली. वहिनी मात्र आगरी लग्नांतून धवळे गात हिंडणारी धवलारीण, ती तशीच राहिली. तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं, पण ते आता कोण काढतो!

गेल्या रविवारी त्याच्या मुलीला, करिष्माला बघायला डोंबिवलीची मंडळी आली होती. आमच्याकडे सगळं कसं मॉडर्न, हे जयदेव सांगत असतानाच भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर बनूबाईचा धवळा सुरू झाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालच्यांनीच मुद्दाम लावला, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"सगळी घरं एकाच जाळ्यात होती, शेठ," भूपेश म्हणाला. "कोणीपण आपल्या मोबाइलवरून कोणाच्या टीव्हीवर कायपण लावायचा. आता प्रत्येक घराचं व्हीलॅन, म्हणजे आतलं जाळं, वेगळं; त्यावर अख्ख्या बिल्डिंगचं अजून एक, ते कंपनीला ओळखायला. पेटीतला स्विच तोच, पण ह्या घरातलं त्या घरात जाणार नाय."

तो खाली जाऊन हितेशच्या मोबाइलवर बघून आला. वरचा टीव्ही तिथे दिसत नव्हता.

"छान. आता लग्नातही हेच करायचं," जयदेव हसला. "अक्षता पडेपर्यंत ती बाई स्टेजजवळ फिरकता कामा नये. गावठी कुठली!"

दारात उभ्या असलेल्या करिष्माने ते ऐकलं आणि ती आत गेली.

संध्याकाळी मंडळी बोलणी पक्की करायला आली. जयदेवने ऐटीत रिमोट बाजूला ठेवला. चहाचे कप हातात जातात न जातात तोच टीव्हीवर बनूबाई गाऊ लागली, तोच लांबलचक हेल, तोच खर्जातला आवाज.

"हरामखोर! तोडलं तरी खोड जात नाही!" जयदेव ताडकन उठून दाराकडे धावला.

"खालून नाही, पप्पा."

करिष्माच्या हातात मोबाइल होता. तिने तो लपवला नाही.

"मी लावलाय. रविवारीपण मीच लावला होता."

जयदेवचा हात कडीवरच राहिला. मुलाच्या आईने कप खाली ठेवला.

"कोण गातंय गं?"

"माझी मोठी आय, पप्पांची वहिनी. माझ्या लग्नात तीच गाणार. नाहीतर मी बोहल्यावर चढणार नाही." मग ती वडिलांकडे वळली. "पप्पा, उठलाच आहात तर खाली जाऊन या. येताना तिला घेऊन या."

मुलाच्या आईने सोफ्यावर सरकून शेजारी जागा केली.